सरोजिनी सिस्टर आणि मोकलांची मनस्वी

रोह्यात आमच्या आळीत सरोजिनी टिपणीसला लहानथोर सगळे 'सिस्टर' म्हणतात. फक्त तिचे वडील म्हणत नसत. शरद टिपणीस सर हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले, त्यांचे वडीलही मास्तर, काका मास्तर. मुलीने डी.एड. करून शाळेत चिकटावं हे त्यांनी इतकं गृहीत धरलं होतं की तिला विचारायचंच राहून गेलं. तिने परस्पर नर्सिंगला नाव घातलं. तेव्हापासून कुणी चौकशी केली की सर सांगायचे, "मुलगी पेणला नोकरीला असते." कसली नोकरी, ते समोरच्याने विचारलं तरी त्यांना ऐकू जात नसे.

सरोजिनीची नर्सिंगमधली सुरुवातही काही सरांचं मत बदलेल अशी नव्हती. पहिलं इंजेक्शन देताना तिलाच चक्कर आली आणि ती पेशंटच्या अंगावर पडली. त्या म्हातारबाबांनी तिला उठवून बसवलं, पंख्याने वारा घातला आणि म्हणाले, "घाबरू नको पोरी, दुसऱ्या हातावर दे." हा किस्सा ती स्वतःच सांगते आणि सांगताना इतकी मोठ्याने हसते की गेटवरचा वॉचमनही हसायला लागतो. लग्न जमलं नाही, तिनेही फार वाट पाहिली नाही. सकाळची गाडी पकडून पेण, तिथल्या एका प्रसूतिगृहात बाळांची खोली, आणि संध्याकाळी गाडी नाहीतर एसटीने परत रोहा. केस पांढरे होईपर्यंत तिचा हाच क्रम होता.

नूतन मोकल बाळंतपणाला आली ती दिवाळी झाल्यावर, भातकापणीच्या दिवसांत. मोकल गडब गावचे. घरची भातशेती, मागून वाल. नूतनचा नवरा गणेश पेणच्या एका गणपतीच्या कारखान्यात साच्यातून मूर्ती काढायचं काम करायचा. गणेश गणपतीच्या कारखान्यात, म्हणून त्याची चेष्टा व्हायची आणि तो ती आनंदाने करून घ्यायचा.

सकाळी, ऊन वर आल्यावर, नूतनला मुलगी झाली. पोर अशी खणखणीत रडली की डॉक्टर अंतरा म्हणाल्या, "चला, आवाज तर सिस्टरवर गेलाय." सरोजिनी हसत हसत टॉवेलमध्ये बाळ घ्यायला पुढे झाली, आणि तिचं हसू थांबलं.

बाळाच्या बेंबीखाली पोटाची कातडी नव्हती. त्या जागी लालभडक, ओलसर, चकचकीत असं काही होतं, आपण ओठ उलटा करून पाहिला तर आतून दिसतो तसं. त्यातून थेंब थेंब पाणी येत होतं. ती लघवी होती. लघवीची पिशवी पोटात बंद व्हायच्या ऐवजी उघडी होऊन बाहेर आली होती.

इतक्या वर्षांत सरोजिनीने असं बाळ कधी पाहिलं नव्हतं. शिकताना पुस्तकातलं एक चित्र तेवढं पाहिलेलं. सोनोग्राफीतही काही दिसलं नव्हतं; हजारो बाळांत एखाद्यालाच होणारं हे दुखणं कधीकधी निसटतं. सवयीने तिचा हात नाळेच्या प्लास्टिकच्या चिमट्याकडे गेला.

"सिस्टर, चिमटा नको," डॉक्टर अंतरा म्हणाल्या. "तो त्या पिशवीवर घासेल. दोऱ्याने बांधू."

नाळ दोऱ्याने बांधली. मग डॉक्टरांनी मुंबईच्या मोठ्या रुग्णालयातल्या बालशल्यविभागाला फोन लावला आणि मोबाईल टेबलावर ठेवला. पलीकडून तिथल्या मुख्य सिस्टर बोलत होत्या. त्यांना अशा बाळांची सवय होती, आवाजात घाईसुद्धा नव्हती. "कोरडं पडू द्यायचं नाही. गॉज लावायचं नाही, कापूस नाही, कापड नाही, सगळं चिकटतं. कोमट सलाईनने धुवा आणि वर पातळ प्लास्टिक ठेवा, जेवणाच्या ताटावर लावतात ना, ते. पोर उबेत ठेवा आणि आईला पाजू द्या. बाकी पोर ठणठणीत असेल."

सलाईन होतं. जेवणाच्या ताटावर लावायचं प्लास्टिक मात्र प्रसूतिगृहात कुठून असणार! सरोजिनीने बाहेर येऊन गणेशला गाठलं. "मुलगी झालीय. आता पटकन बाजारात जा आणि अन्न झाकायच्या पातळ प्लास्टिकचा नवा, न उघडलेला रोल घेऊन ये."

गणेश प्रश्न न विचारता पळाला. परत आला तेव्हा एका हातात रोल होता आणि दुसऱ्या हातात पेढ्यांचा पुडा. मिठाईवाल्याकडेच रोल मिळाला होता, मग पेढे कसे सोडणार?

तो पुडा बघून सरोजिनीला बोलणं जड गेलं. पण तिने त्याला बाकावर बसवलं, शेजारी बसली आणि जे होतं ते साध्या शब्दांत सांगितलं. लघवीची पिशवी उघडी आहे, ऑपरेशन लागेल, एकापेक्षा जास्त लागतील, मुंबईला जावं लागेल.

गणेश पुड्याच्या दोऱ्याशी चाळा करत राहिला. मग म्हणाला, "जगंल ना?"

"जगेल म्हणजे? ओरडतेय बघ कशी. इथपर्यंत ऐकू येतंय."

"मग पेढे वाटू?"

"वाट की! मला पहिला दे."

आणि तिने तिथेच बसल्या बसल्या पेढा खाल्ला, हात धुतले आणि रोल घेऊन आत गेली. वरचे वेढे काढून टाकले, स्वच्छ तुकडा कापला, सलाईनमध्ये भिजवला आणि त्या लाल जागेवर अलगद ठेवला. पोर लगेच शांत झाली. उघड्यावर वारा लागत होता तोच तिला झोंबत असावा.

पोरीचं झालं, पण आईचं व्हायचं होतं. नूतन भिंतीकडे तोंड करून पडली होती. बाळाला पाजायला घ्यायची, पण दुपटं बाजूला करू द्यायची नाही. आणि तिच्या सासूने, शांतीकाकूंनी, कारण शोधून काढलं होतं.

"मी सांगत होते, ग्रहणात घरात गप पडून रहा. ही वाल सोलत बसली. नखाने सोलत होती सिस्टर, नखाने!"

"काकू," सरोजिनी म्हणाली, "ग्रहणात मी स्वतः बाळंतपणं केलीत. सुया टोचल्यात, कात्रीने नाळा कापल्यात. ती पोरं आता मिशा फुटून हिंडतायत. हे पोटात अगदी सुरुवातीला होतं, हिला दिवस गेलेत हे तुम्हाला कळलंही नसेल तेव्हा. वालाचा काही संबंध नाही, आणि हिचा तर मुळीच नाही."

शांतीकाकूंना हे पटलं नाही. नूतनने मात्र भिंतीकडचं तोंड वळवलं.

दुसऱ्या दिवशी बाळाला मुंबईला न्यायचं होतं. सरोजिनीची सुट्टी होती, तरी ती ॲम्ब्युलन्समध्ये चढली. वाटेत कोमट सलाईनचा थर्मास सांभाळत तिने नूतनला म्हटलं, "बघ गो एकदा. तुझीच आहे. मी धरते, तू फक्त बघ."

नूतनने पाहिलं. बराच वेळ पाहिलं. नेमक्या त्याच वेळी पोरीने लघवीची एक चिळकांडी सोडली, ती प्लास्टिकच्या कडेने निसटून थेट सरोजिनीच्या हातावर. "झालं," सरोजिनी म्हणाली, "आशीर्वाद मिळाला." नूतन रडता रडता हसली.

मुंबईच्या सर्जननी नीट तपासलं. मूत्रपिंडं चांगली होती, हृदय चांगलं होतं. पिशवी अजून फार लहान होती, म्हणून त्यांनी लगेच हात घातला नाही. "काही महिने वाढू द्या. घरी न्या, पाजा, वजन वाढवा. तोवर ही जागा जपणं हेच औषध." नूतनने विचारलं, पुढे हिचं बाईपण, मुलंबाळं? ते म्हणाले, "त्याची आशा पुष्कळ आहे. आज त्याची काळजी करू नका." मग तिथल्या सिस्टरनी सरोजिनीला सगळं हाताने करून दाखवलं आणि तिच्याकडून करवून घेतलं.

इथून गडबच्या फेऱ्या सुरू झाल्या. पेणहून रोह्याला जाताना महामार्गावर गडब लागतंच. सरोजिनी संध्याकाळची गाडी सोडून एसटीने निघायची, गडबला उतरायची, मोकलांकडे जाऊन बाळाला बघायची आणि पुढची एसटी धरायची. मोकलांचं घर फाट्यापासून आत, शेताच्या बांधावरून चालत जायचं. पोर दिसामाशी भरत होती. लंगोट सैल बांधायचा, दर वेळी आधी हात धुवायचे, मग सलाईनने धुवायचं, मग नवं प्लास्टिक. नूतनला हे चांगलं जमायला लागलं होतं.

एके दिवशी सरोजिनी गेली तर बाळ किंचाळत होतं आणि ती लाल जागा एका कडेने सोलून रक्त आलं होतं. नूतन शेतावर गेलेली असताना शांतीकाकूंनी प्लास्टिक काढून जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा ठेवला होता. तो वाळून चिकटला आणि काढताना ओढला गेला.

"नाजूक पोरीच्या अंगाला प्लास्टिक लावायचं कसं मी बघू?" काकूंच्याच डोळ्यांत पाणी होतं. "माझं लुगडं किती मऊ हाय, हात लावून बघा."

सरोजिनी चिडली होती. आधी तिने जागा सलाईनने भिजवत भिजवत शांत केली, डॉक्टर अंतरांना फोन करून विचारलं. फार काही झालं नव्हतं. मग ती काकूंकडे वळली. ओरडायचं ठरवलं होतं, पण तोंडून निघालं भलतंच.

"काकू, तुम्ही तांदळाचे पळीपापड घालता ना?"

काकू चक्रावल्या. "घालते की. का?"

"कशावर घालता?"

"प्लास्टिकवर."

"लुगड्यावर का नाही घालत? मऊ असतं."

"लुगड्यावर घातला तर सुटतो व्हय? चिकटून बसतो मेला. मग मागून पाणी मारावं लागतं, तरी तुकडे—" काकू मध्येच थांबल्या. बाळाकडे बघत राहिल्या. "अगो बाई," एवढंच म्हणाल्या.

त्या दिवसापासून त्या घरात शांतीकाकूंचं राज्य सुरू झालं. हात न धुता बाळाजवळ आलेल्या आपल्या सख्ख्या बहिणीला त्यांनी ओसरीवरून परत पाठवलं. बहीण रुसली, तिचं त्यांना काही वाटलं नाही. पेणच्या मिठाईवाल्याकडून रोल आणताना तो नवाच आहे ना, हे त्या गणेशकडून शपथेवर वदवून घ्यायच्या. आणि नूतनने रात्री थकून डोळा लावला की पोरीचं सगळं त्याच बघायच्या. वालाचा विषय पुन्हा निघाला नाही.

इकडे रोह्यात सर वैतागले होते. मुलगी उशिरा घरी येते, चहा आपला आपण करावा लागतो. "गडबला कोण आहे तुझं?" त्यांनी विचारलं.

"एक पेशंट आहे."

"दवाखाना पेणला आणि पेशंट गडबला?"

"बाबा, तुम्ही नापास मुलांना घरी बोलावून शिकवत होतात, तेव्हा शाळा कुठे असायची?"

सरांनी वर्तमानपत्र वर धरलं. पण जानेवारीत मोकलांनी पोपटी खायला बोलावलं तेव्हा, "थंडी आहे, बाहेर कशाला," असं दोनदा म्हणून सर तिच्याबरोबर निघाले. शेतात मडक्यात वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडीचे तुकडे आणि भांबुर्डीचा पाला भरून मडकं उलटं ठेवलं होतं, भोवती जाळ. सर एका खाटेवर बसले होते. तेवढ्यात शांतीकाकूंनी त्यांच्यासमोरच बाळाचा लंगोट बदलायला घेतला. सर दुसरीकडे बघायला लागले. मग हळूच इकडे बघायला लागले. पाणी किती कोमट हे सरोजिनी मनगटावर पाहतेय, नूतन प्लास्टिकच्या कडा अलगद बसवतेय, काकू पोरीशी गप्पा मारतायत. सरांनी चष्मा पुसून पुन्हा लावला.

"हे सगळं तू शिकवलंस यांना?" ते म्हणाले.

"मलाही मुंबईच्या सिस्टरनी शिकवलं."

"हं," सर म्हणाले. "शिकवतेस चांगलं."

पोपटी उघडली. शेंगा हातात भाजत होत्या आणि तरी कुणी थांबत नव्हतं. शांतीकाकू म्हणाल्या, "सर, पोरीला अजून नाव नाय. ऑपरेशन होऊ दे म्हणून थांबलो होतो, पण किती थांबायचं? तुम्हीच एक सांगा." सरांनी वालाची शेंग सोलता सोलता विचार केला. "मनस्वी ठेवा. जिचं मन घट्ट ती." गणेशने पोरीकडे बघून म्हटलं, "मन घट्ट, आवाज त्याहून घट्ट." नाव ठरलं.

पावसाळा तोंडावर आला आणि मुंबईहून बोलावणं आलं. ते नेमके गणेशच्या कारखान्यातले सर्वांत धावपळीचे दिवस. तो मालकाकडे मान खाली घालून गेला. मालक म्हणाले, "जा. पोरीला उभी करून आण, गणपती आपले थांबतात." गणपती काही थांबत नाहीत, पण मालक म्हणाले खरे.

ऑपरेशन मोठं होतं. पिशवी बंद करून पोटात घ्यायची, पोटाची भिंत शिवायची, आणि पुढून उघडी राहिलेली कमरेची हाडं कापून जवळ आणायची. सरोजिनीने रजा काढली आणि तीही त्या दिवशी बाहेरच्या बाकावर बसून राहिली. नूतन तिला म्हणाली, "सिस्टर, तुम्ही काय तरी बोला, गप बसल्यावर भीती वाटते." मग तिने त्या म्हातारबाबांच्या इंजेक्शनचा किस्सा सांगितला. नूतनने तो आधी ऐकलेला होता, तरी हसली.

सर्जन बाहेर आले ते घामेजलेले आणि समाधानी. सगळं नीट झालं होतं. मनस्वीला छातीखालून दोन्ही पायांपर्यंत प्लास्टर घातलं होतं, म्हणजे हाडं जागेवर जुळतील. लंगोटापुरती जागा मोकळी.

गणेशने प्लास्टरवर टिचकी मारून आवाज ऐकला. "चांगलं सुकलंय. ह्यात मूर्तीसारखा काथ्या घालत नाय काय हो?" त्याने प्लास्टरवाल्या तंत्रज्ञाला विचारलं. तो म्हणाला, "नाही बाबा, ह्याला पट्टी असते. आणि आम्ही रंगवत पण नाही." वॉर्डातले सगळे हसले.

घरी आणल्यावर गणेशचाच अनुभव उपयोगी पडला. प्लास्टरमधलं पोर उचलायला नूतनला भीती वाटायची. "मूर्ती कधी हाताला धरून उचलायची नाय," त्याने दाखवलं. "खालून, दोन्ही हात पसरून, आणि पाठीला आधार." सरोजिनी म्हणाली, "अगदी असंच. मी हेच सांगणार होते." त्या पावसात गडबच्या घरी कुणी आलं की आधी काकूंची हात धुवायची आज्ञा, मग गणेशचा मूर्ती उचलायचा धडा. मनस्वी मात्र उशांच्या टेकूने पडून सगळ्यांवर हुकूम सोडायला शिकली. पाय हलत नव्हते, म्हणून तिने सगळा जोर तोंडात आणला होता.

रोह्यात तोवर वेगळीच गंमत झाली. सर रोज संध्याकाळी कुंडलिका नदीच्या काठी फिरायला जायचे, बरोबर जोशींसारखे चार-पाच पेन्शनर. एके दिवशी मीही त्यांच्यात होतो. सर काठीने मातीत चित्र काढून सांगत होते, "हे मूत्राशय. हे असं बंद असायला हवं. आता हे उघडं राहिलं, तर नर्सने काय करायचं?" कुणालाच येईना. सरांनी प्रत्येकाकडे एकेकदा पाहिलं, शाळेत पाहायचे तसं. "कोरडं पडू द्यायचं नाही! माझी मुलगी नर्स आहे, ती असल्या बाळांचं करते."

मी त्यांच्या घरी जाऊन हे सरोजिनीला सांगितलं. ती हसली नाही. भाजी निवडत होती, ती तशीच निवडत राहिली. मग म्हणाली, "चित्र बरोबर काढलं होतं का?"

"बरोबर असावं. जोशींना तर पटलं."

मग मात्र ती हसली, आणि सरांनी आतून ओरडून विचारलं, "काय झालं गं?"

प्लास्टर निघालं. मनस्वीला उभी राहायला इतर पोरांपेक्षा वेळ लागला आणि ती चालते पावलं जरा बाहेर टाकून, बदकासारखी, पण पळते मात्र सरळ. अजून सगळं संपलेलं नाही. लघवी तिला धरता येत नाही. त्यासाठी थोडी मोठी झाल्यावर आणखी एक ऑपरेशन आहे, आणि तेही पुरेसं होईल की नाही हे सर्जन आज सांगत नाहीत. नूतन हे कुणापासून लपवत नाही. विचारणाऱ्याला सरळ सांगते, "पिशवी लहान हाय तिची, वाढतेय."

यंदा तिला अंगणवाडीत घातलं. सरोजिनी आता निवृत्त झालीय, तरी त्या दिवशी ती मुद्दाम रोह्याहून गडबला गेली. अंगणवाडीच्या सरूताईंना डायपर कसा बदलायचा, ऑपरेशनचा व्रण कसा सांभाळायचा, एवढं दाखवायचं होतं. सरूताईंनी लक्ष देऊन पाहिलं आणि म्हणाल्या, "एवढंच ना? मला वाटलं काय नि काय. इथे निम्मी पोरं अजून चड्डीतच करतात."

नूतन दाराशी पदर बोटाला गुंडाळत उभी होती. पोर रडेल, आपल्याला ओढून धरेल, अशी तिची तयारी होती. मनस्वीने मागे वळूनही पाहिलं नाही. ती आत गेली, खेळण्यातली एकमेव लाल मोटार एका पोराच्या हातातून काढून घेतली आणि त्याला मोठ्याने सांगितलं, "आधी हात धुऊन ये!"

ते पोर खरंच उठलं आणि नळाकडे गेलं.